काठ्यांवरचे डबे

सकाळच्या अंधुक उजेडात लांबून शिट्टीसारखा आवाज येतो ना, तो माझा. इंजिनातूनच येतो, त्याला इलाज नाही. मी अडीच टनी लष्करी ट्रक आहे. दहा चाकं, हिरवा रंग आणि पुढ्यात बर्फ लोटायचं लोखंडी पातं. मला बोलायची सवय नाही, पण यंदाच्या हिवाळ्यात जे झालं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा रंग पाहून लोक विचारतात, हा कुठल्या लढाईत होता? कुठल्याच नाही. कारखान्यातून निघालो तो थेट एका छावणीत गेलो आणि तिथे वर्षानुवर्षं बटाटे, कोबी आणि गाद्या वाहिल्या. गोळी एकदाच लागली, तीही ससा मारायला निघालेल्या आमच्याच हवालदाराची. पुढे छावणी मोडली. मग जंगलखात्यानं पाठीवर पाण्याची टाकी चढवून वणवे विझवायला नेलं, आणि तेही संपल्यावर लिलावात उभं केलं.

तिथे आर्वो हिएताला आला. त्यानं माझ्या दहाही चाकांना लाथ मारून पाहिली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "चल म्हाताऱ्या, बर्फ काढू." तेव्हा तो पन्नाशीचा होता आणि मी त्याच्याहून लहान होतो. म्हातारा कोण, हे मी मनातच ठेवलं.

आम्ही राहतो मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठी. सरोवरावरून वारा सुटला की बर्फ पडायला लागतो आणि थांबायचं नाव घेत नाही. सरकारी यंत्र डांबरी सडकेपुरतं येतं. तिथून आत दहा-अकरा घरांचा जो रस्ता आहे, तो आर्वोनं आणि मी मोकळा करायचा. बदल्यात कुणी धुरी दिलेला मासा आणून द्यायचं, कुणी वेलदोड्याचा पाव. पाव मला काय कामाचा म्हणा, पण वास चांगला येतो.

जमीन गोठायच्या आधी इथे घरोघरी वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवतात, वर लाल फीत बांधतात. बर्फ पडल्यावर सगळं सपाट होतं. मग त्या काठ्या पाहूनच कळतं, वाट कुठे आहे आणि कुणाचा फुलांचा वाफा कुठे आहे.

दोन वर्षांपूर्वी आर्वोला काठ्या दिसेनाशा झाल्या.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. तो कोंबडीसारखी मान तिरकी करून चालवायला लागला. मोतीबिंदू नव्हता. नजरेचा मधलाच भाग गेला होता, ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. त्याची बायको हेल्मी एकदा माझ्या शेडमध्ये आली आणि म्हणाली, "आर्वो, डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय. पुरे आता."

"मग रस्ता कोण काढणार?"

"काढेल कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण? नाव सांग."

हेल्मी दार ओढून घेऊन परत गेली. आर्वो माझ्या पायरीवर बसला. बर्फ काढणं सुटलं तर आपण कुणाच्याच उपयोगाचे उरणार नाही, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मला ते समजत होतं. लिलावात उभा राहिलेल्याला ते समजतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मार्टिन पेरालाची टपालपेटी उडवली. मार्टिन घाईनं बाहेर आला आणि म्हणाला, "असू दे रे, ती वाकडीच होती." ती मुळीच वाकडी नव्हती.

माझ्या शेडला लागूनच आर्वोची सौना आहे. दर शनिवारी शेजारी जमतात आणि तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत बसतात. मधे नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. इथली माणसं एरवी तोंड उघडत नाहीत, पण वाफेत बसली की बायकोच्या तक्रारीपासून मूळव्याधीपर्यंत सगळं बाहेर येतं. पेटी उडाली त्या आठवड्याच्या शनिवारी आर्वो अंग गार करायला बाहेर बर्फात गेला आणि आत कुजबुज सुरू झाली.

"त्याला दिसत नाही."

"ते कळलं. पण त्याला सांगायचं कुणी?"

"मार्टिन, पेटी तुझी होती. तूच सांग."

"पेटी माझी असली तरी सांगायला माझी जीभ रेटणार नाही. त्यापेक्षा काठ्यांना डबे टांगू. पातं काठीला लागलं की वाजतील."

यंदा थंडी सुरू होताच रस्ताभर प्रत्येक काठीवर कॉफीचा रिकामा डबा आला, आत एकेक बोल्ट. आर्वोनं मार्टिनला विचारलं, "हे काय खूळ?"

"कोल्हे येतात," मार्टिन म्हणाला. "आवाजानं पळतात."

"अच्छा."

मग काच वर करून आर्वो माझ्याशी पुटपुटला, "सगळ्यांच्या दारात एकदमच आले वाटतं कोल्हे."

म्हणजे त्याला कळलं होतं. त्याला कळलंय हे बहुधा त्यांनाही कळलं होतं. आणि तरी सगळा रस्ता हिवाळाभर कोल्ह्यांबद्दल गंभीरपणे बोलत राहिला. भलेपणा कधीकधी इतका भित्रा असतो की मला इंजिन बंद करून बसावंसं वाटतं. पण डबे वाजत होते, आम्ही वळत होतो, रस्ता निघत होता.

मग मार्चमध्ये पाऊस झाला. त्यावर पुन्हा गोठवणारी थंडी पडली आणि रात्रभर बर्फ.

सकाळी आम्ही शेवटच्या घराशी आलो. हे डार्लीन राऊतिओचं घर. ती शाळेची बस चालवते. कडेच्या काठीला पातं लागलं, पण आवाज आला नाही. आर्वो वळला नाही. आम्ही सरळ तिच्या वाटेवर शिरलो आणि माझ्या पात्याखाली काहीतरी कडकन मोडलं.

आर्वोनं ब्रेक दाबला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो नुसता बसला. खाली काय आहे ते बघायची त्याची छाती होईना. माझं इंजिन चालू होतं. त्या वेळी ते बंद करता आलं असतं तर मी केलं असतं, निदान कुणी हाक मारतंय का ते त्याला ऐकू आलं असतं.

"आर्वो!" कडेच्या ढिगातून आवाज आला. "फावडं मोडलं, मी नाही! खाली उतर!"

तो उतरला. डार्लीन कमरेइतक्या बर्फातून बाहेर आली. टोपी एकीकडे, एक हातमोजा दुसरीकडे.

"तुला मी दिसले नाही."

"वारा होता—"

"वारा नव्हता. लाल कोट घातलाय मी. मागे पिवळी बस उभी आहे. यातलं तुला काय दिसलं, सांग."

आर्वो हळूच म्हणाला, "डबा वाजला नाही."

हिवाळाभरात डब्याचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. डार्लीननं काठीवरचा डबा काढून उलटा केला. आत बर्फाचा घट्ट गोळा झाला होता आणि बोल्ट त्यात रुतला होता. ती माझ्या बंपरवर मटकन बसली आणि रडायला लागली. बसभर पोरांना एका नजरेत गप्प करणारी डार्लीन!

"तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही गप्प बसलो," ती म्हणाली. "अर्ध्या तासानं इथे पोरं उभी असतात, आर्वो. त्यांच्या आयांना काय सांगणार होतो, डबा वाजला नाही?"

आर्वोनं टोपी काढली.

"रस्ता कोण काढणार?" त्यानं विचारलं. पण या वेळी हट्ट नव्हता, खरंच विचारत होता.

"मी."

"तुला हा झेपणार नाही. दुसरा गिअर अडकतो याचा."

"मग शेजारी बसून सांग."

ती डोळे पुसत चढली आणि त्याच्या जागेवर बसली. आर्वो माझ्या नाकाला हात लावत पुढून वळसा घालून उजव्या दाराशी आला. इतक्या वर्षांत त्यानं ते दार कधी बाहेरून उघडलं नव्हतं. डाव्या दाराची कडी जिथे असते तिथे त्यानं हात नेला. तिथे बिजागरी होती. हात वर गेला, खाली गेला. डार्लीनचा हात आतून कडीपर्यंत आला, आणि मग तिनं तो मागे घेतला. ती समोर बघत बसली.

बऱ्याच वेळानं कडी सापडली. तो चढला, दार ओढून घेतलं. समोर पेडल नव्हतं तरी त्याचा डावा पाय क्लच दाबत होता.

"पुढे पेरालाची पेटी येईल," तो म्हणाला. "जरा डावीकडे घे."

"दिसतेय मला."

"बरं."

तेव्हापासून बर्फ पडला की दोघं येतात. डार्लीन गिअर चांगला टाकते, हे मी आर्वोला कळू देत नाही. माझं वय झालंय, पत्रा गंजतोय, अजून किती हिवाळे निघतील सांगता येत नाही. तक्रार काही नाही. फक्त उजव्या दाराची कडी फार घट्ट आहे. कुणी तिथून जात असाल तर तिला दोन थेंब तेल घाला. तो दर वेळी ती चाचपून शोधतो, आणि सापडल्यावर निदान पहिल्या झटक्यात उघडायला हवी.