दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट

"बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि उठायचं म्हणजे दोघांनी धरून ओढायचं," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "आणि म्हणे गाडी सुधारली."

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना मागच्या सीटवर अलगद सोडत होते, म्हणून ते मला ऐकू आलं. पुढे स्टिअरिंगवर बसलेल्या आपल्या मुलाला त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "छान वाटतंय हो बसायला. जमीन कशी जवळ वाटते."

आमचं घर हे असं. भिडस्त. आमच्याकडे आमटीत मीठ दुप्पट पडलं तरी जेवणारा म्हणतो, "आज जरा वेगळी झालीये." मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, किती प्रेमळ माणसं. प्रेमळ आहेतच. फक्त खरं काय ते चौथ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळतं.

त्रेपन्नाव्या वर्षी पुरुषाला काहीतरी होतं. कुणी केस काळे करतो, कुणी पहाटे उठून पळायला लागतो. आमच्या ह्यांनी गाडी दोन इंच खाली घेतली. आयुष्यभर जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत दुसऱ्यांच्या हद्दी मोजलेला माणूस. एक दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये त्यांना कुणाची तरी रस्त्याला चिकटून चालणारी गाडी दिसली आणि घरी येऊन ते आमच्या गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "आपली फार उंच वाटते, नाही?" सोळा वर्षं ती तेवढीच उंच होती.

खाली घेणं म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालायच्या. ते काम केलं माझ्या धाकट्या भावानं. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. लहानपणी त्यानं भिंतीवरचं घड्याळ खोलून पुन्हा जोडलं होतं. नंतर ते उलटं चालायचं, पण चालायचं. त्या एका कौतुकावर त्यानं पुढे फोटो स्टुडिओ काढला, मग माशांच्या टाक्या विकल्या, मग मोबाइल दुरुस्त केले. चव्वेचाळिसाव्या वर्षी गॅरेज. आमची गाडी ही त्याची पहिली मोठी शिकार.

मी त्या दिवशी चहा घेऊन गेले होते. गाडीचं पुढचं चाक निघालेलं, आणि उस्ताद गाडीखाली शिट्टी वाजवत होता. स्टुडिओ बंद झाल्यापासून मी त्याची शिट्टी ऐकली नव्हती. कप ठेवला आणि हळूच निघून आले.

गाडी खाली आल्यावर त्यानं हात पुसत सांगितलं, "दाजी, स्प्रिंगा बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर चालवा, मग व्हील अलाइनमेंट करून घ्या. चारही चाकं एकमेकांशी बोलायला लागतील."

हे खरंच आहे, मी नंतर वाचून खात्री केली. पण आमच्या ह्यांना कुणी आकडा दिला की ते तो सरकारी हुकमासारखा पाळतात. पाचशे पुरे करायला आम्ही आठवडाभर कामाशिवाय फिरलो. भाजी आणायला पलीकडच्या गावात. पत्र टाकायला त्याच्याही पलीकडे. पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "माझ्या माहेरी एवढ्या वेळा नेलं असतंस तर पुण्य लागलं असतं," आणि मग लगेच, "पण मजा येते हो."

या पाचशे किलोमीटरांतच कळलं की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल सोडला की ती निमूट डावीकडे निघायची, जणू तिकडे तिची कुणी मावशी राहते.

"रस्त्याला उतार असतो," हे म्हणाले. "पाणी जाण्यासाठी ठेवतात."

परत येताना उतार दुसऱ्या बाजूला होता. गाडी डावीकडेच.

"वारा आहे."

पान हलत नव्हतं.

मग त्यांचं लक्ष मागे गेलं. सासूबाई नेहमी डावीकडे बसतात, आणि त्यांच्या वजनाबद्दल आमच्या घरात गेली वीस वर्षं कुणी ब्र काढलेला नाही. ह्यांनी आरशात बघून, घसा साफ करून म्हटलं, "आई, उजवीकडे ऊन येत नाही. तिकडे सरक ना." त्या सरकल्या. गाडी डावीकडेच. मग मला उजवीकडे, त्यांना मध्ये, टूलबॉक्स उजव्या कोपऱ्यात. वर्गातल्या बाकांसारख्या आमच्या जागा बदलत राहिल्या. गाडीला काही फरक पडला नाही.

दर दोन दिवसांनी उस्तादचा फोन. "दाजी, कशी चालतेय?"

"लोण्यासारखी!"

हे सांगताना ह्यांचा उजवा दंड दुखत असायचा, कारण दिवसभर त्या हातानं गाडी सरळ ओढून धरलेली. मी त्यावर मलम चोळत असायचे. उस्ताद घरी आला की म्हणायचा, "द्या चावी, एक चक्कर मारून येतो." हे खिशावर हात ठेवायचे. "आत्ताच धुतलीये." एकदा म्हणाले, "इंजिन झोपलंय." उस्ताद हसला. त्याला वाटलं, दाजी गाडीच्या इतके प्रेमात पडलेत की हातही लावू देत नाहीत. त्यानं आमच्या गाडीचा फोटो गॅरेजच्या पाटीवर लावला. गाडी फोटोत सरळ उभी होती. उभी असताना ती कायमच सरळ असायची.

पाचशे पुरे झाले तसे आम्ही अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. उंच, कमी बोलणारा माणूस, मिशी मात्र बोलकी. त्याच्याकडे गाडी चढवून वर उचलायचा लोखंडी फळा, चाकांना लावायच्या आरशासारख्या तबकड्या आणि एक पडदा, ज्यावर प्रत्येक चाकाचा आकडा बरोबर असेल तर हिरवा, चुकीचा असेल तर लाल दिसतो. फोनवर त्यानं सांगून ठेवलं होतं, "रोज असतो तेवढा भार गाडीत असू द्या." त्याला पेट्रोल आणि स्टेपनी म्हणायचं होतं. आमचे हे आईला घेऊन आले.

अलाइनमेंटवाल्यानं सासूबाईंना बघितलं, ह्यांना बघितलं. पण तोही आमच्याच जातकुळीचा निघाला. बटण दाबलं आणि सासूबाई गाडीसकट वर गेल्या.

"अगं, मला खालचं सगळं दिसतंय!" खिडकीतून आवाज आला. "ह्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत बघ." पंचवीस वर्षांत एवढं खरं आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. उंचीचा परिणाम असावा.

त्यानं खाली शिरून काही फिरवलं, एक कागद छापून दिला आणि म्हणाला, "चाकांची तोंडं सरळ केलीत. आता चालवून बघा." आम्ही चालवून बघितली. डावीकडे. पुन्हा गेलो, पुन्हा कागद. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी तिन्ही कागद बरोबर नेले. मी गाड्यांचं काही शिकलेली नाही, पण आकडे वाचता येतात आणि काय समजलं नाही ते विचारायची लाज वाटत नाही.

"दादा, हा उजव्या पुढच्या चाकाचा आकडा तिन्ही वेळा लाल आहे. डाव्याचा हिरवा. हा कसला आकडा?"

त्यानं आधी ह्यांच्याकडे बघितलं. हे टायरच्या जाहिराती वाचत होते. मग त्यानं दोन्ही तळहात माझ्यासमोर उभे धरले आणि उजवा वरून जरा आत झुकवला. "हे चाक असं आहे. गाडी खाली घेतली की दोन्ही चाकं थोडी झुकतात, ते चालतं. पण दोन्ही सारखी झुकली पाहिजेत. इथे एकच झुकलंय. म्हणून गाडी ओढते, आणि हा टायर आतल्या कडेनं झिजतोय. बघा हात लावून."

मी वाकून हात लावला. बाहेरून टायर नवा. आतल्या कडेला माझ्या टाचेसारखा गुळगुळीत.

"मग सरळ करा की."

"दोन बोल्टचं काम आहे, वहिनी. चाक धरणारे दोन बोल्ट. खोलताना जागेवर खूण करायची असते, ती राहिली असेल. सैल करायचे, चाक ढकलायचं, आवळायचे. पाच मिनिटं."

"मग?"

मिशी हलली. "दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट मी त्याला सांगितल्याशिवाय सोडत नाही. धंद्याची रीत आहे. मी गुपचूप सोडला आणि उद्या काही निखळलं, तर कुणाच्या हातचं ते कळणार नाही. फिटिंग ज्यानं केलंय त्यानं एकदा म्हणावं, कर. लगेच करतो."

"तुम्हीच सांगा ना त्याला."

"तो मला गिऱ्हाइकं पाठवतो," तो म्हणाला, आणि तोही टायरच्या जाहिराती वाचायला गेला.

घरी येताना हे म्हणाले, "पाचच मिनिटांचं काम आहे म्हणजे काही गंभीर नाही." सासूबाई म्हणाल्या, "पोरगा इतक्या दिवसांनी मार्गी लागलाय." मी तिन्ही कागद घडी करून पिशवीत ठेवले. माझाच भाऊ. ती शिट्टी माझ्याच कानात होती. तर पाच मिनिटांच्या कामावर आम्ही अडीच महिने काढले.

मग लेकीला नोकरी लागली. तीनशे किलोमीटरवर. ह्यांनी पेढे वाटल्याच्या थाटात जाहीर केलं, "गाडी तू घेऊन जा." रविवारी निघायचं ठरलं. गुरुवारी तिनं सरावाला पहिल्यांदा गाडी काढली आणि वीस मिनिटांत परत आली.

"बाबा, गाडी डावीकडे जाते."

"तू उजवीकडे धर."

"तीनशे किलोमीटर?"

"मी धरतो की."

"मामाला सांगितलं का?"

सासूबाईंनी पटकन पदर सावरला. हे म्हणाले, "मामाला काही बोलू नकोस हं. त्याला वाईट वाटेल." लेक माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी कडू औषध देताना मी तिला गोड आहे म्हणून सांगायचे, तेव्हा ती अशीच बघायची. पिऊन टाकायची, पण बघायची.

त्या नजरेनं माझी दोन दिवस झोप गेली. जिथे दोन्ही बाजूंनी ट्रक धावतात त्या रस्त्यावर माझी पोर एका हातानं गाडी सरळ ओढत जाणार. आतल्या कडेला कापड दिसायला आलेला टायर. आणि कशासाठी? तर मामाला वाईट वाटू नये. मामा तिच्यावर जीव टाकतो. त्याला नुसतं विचारलं असतं की तुला वाईट वाटलेलं चालेल की हिला काही झालेलं, तर त्यानं प्रश्नाआधी उत्तर दिलं असतं. पण विचारायचं कुणी?

शनिवारी सकाळी मी ह्यांना म्हटलं, "नवा टायर टाका आणि पुन्हा एकदा अलाइनमेंट करून घ्या." भावाला फोन केला, "तिकडेच ये."

हे गाडी घेऊन पुढे गेले; आम्ही तिघी मागून पोचलो तेव्हा ती फळ्यावर होती, अजून वर न उचललेली. या वेळी सासूबाई खाली, खुर्चीत. अलाइनमेंटवाल्यानं तबकड्या लावल्या. पडदा उजळला. तीन हिरवे, एक लाल. तेवढ्यात उस्ताद आला. हातात गॅरेजच्या नावाचं नवं स्टिकर, मागच्या काचेवर लावायला, म्हणजे भाचीच्या नव्या गावातही जाहिरात होईल. कपडे इस्त्रीचे.

"काय दाजी, पोरगी निघाली! कशी चालतेय गाडी?"

"लोण्यासारखी," हे म्हणाले. उजवा दंड त्यांनी डाव्या हातानं धरला होता.

"मशीन काय म्हणतं?" त्यानं अलाइनमेंटवाल्याला विचारलं.

"मशीन काय... एकंदरीत चांगलं आहे," तो म्हणाला, आणि अंगानं पडदा झाकून उभा राहिला. तो उंच होता, तरी लाल आकडा त्याच्या कोपराखालून दिसत होता.

"फार मेहनत घेतलीस हो," सासूबाई म्हणाल्या.

लेकीनं आपल्या बाबांकडून चावी घेतली आणि मुठीत धरली.

उस्तादनं स्टिकरचा कागद सोलला. काच बाहीनं पुसली, मग रुमालानं पुसली. एक कोपरा चिकटवला, डोळा बारीक करून बघितलं, काढला, पुन्हा लावला. "सरळ आलं पाहिजे," तो म्हणाला. "ताई, तू तिकडून बघ गं. सरळ आहे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हे डोळ्यांनी नको नको म्हणत होते. मी गाडीला वळसा घालून त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"उस्ताद, तुझं काम चुकलंय. गाडी पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढते, आणि आम्ही तुला खोटं सांगत आलोय."