कापसापेक्षा हलका ग्रह

ऋतिकचं डोकं फिरलं की त्याला समोरचा माणूस दिसत नसे, हे बोरी अरब गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाला, पण हाताची खाज काही गेली नाही.

त्या दुपारी भांडण कशावरून झालं? तर एका ग्रहावरून. हसू नका. ऋतिक आणि त्याची चुलत बहीण दिपाली वर्षभर एका दूरच्या ताऱ्यामागे हात धुऊन लागले होते. अंतराळातल्या दुर्बिणीनं टिपलेली माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. ताऱ्याचा उजेड मधूनमधून किंचित मंदावतो, म्हणजे पुढून ग्रह जातो, हे पहिल्यांदा ऋतिकनंच पकडलं. ग्रह निघाला गुरूएवढा थोराड. त्याच ताऱ्याभोवती फिरणाऱ्या शेजारच्या ग्रहाला तो किती ओढतो, त्यावरून दिपालीनं त्याचं वजन काढलं. ते इतकं कमी भरलं, की तेवढा गोळा मोकळ्या कापसाचा केला असता तरी जड झाला असता.

"असा ग्रह असतेच कुठी? पोरीले हिशेबच येत नाही," असं ऋतिक कॉलेजभर सांगत फिरला. कॉलेजातल्या सरांनी आकडे तपासले, परदेशातल्या लोकांनी तपासले, आणि दिपाली खरी ठरली. आज या शोधाचा लेख छापायला जाणार होता. नावं दोघांची, दिपालीचं पहिलं.

ती कापसाच्या खोलीत, उंबऱ्याजवळ लॅपटॉप घेऊन बसली होती. मागे वेचलेला कापूस पार आढ्याला टेकलेला.

"आज नको पाठवू. आठ दिवस थांब, मी पुन्हा हिशेब करून पाह्यतो," ऋतिक म्हणाला.

"कायले? आठ दिवसात तो जड होते का?"

त्यानं थोबाडीत मारली. तीही काही गरीब गाय नव्हती. तिनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं.

"माह्यं खरं निघालं ते तुले पाहवत नाही. मी पाठवून राह्यली."

मेल्यानं तिचे केस धरले आणि डोक्याकडून ढिगात फेकलं. वरून लाथ घातली तशी अख्खी दरड तिच्यावर कोसळली. मग हा वर चढला आणि ट्रक भरताना तुडवतात तसा कापूस तुडवू लागला. लहानपणी दोघं एकमेकांना असंच पुरायचे आणि शिंकत, हसत बाहेर यायचे. कापसात हवा असते, कोणी मरत नाही, हे त्या रागातही त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

मग पायाला गार लागलं. कापूस ओला होता. उद्या बाजार, म्हणून वजन वाढावं यासाठी दिपालीच्या बापानं, पुंडलिकरावांनी, सकाळीच मागच्या ढिगावर पाणी मारलं होतं.

"दिपे?"

आतून आवाज नाही. ऋतिक दोन्ही हातांनी उपसू लागला. चिखलासारखे जड गोळे हाताला येत होते. तो काकांना हाका मारत ओरडला. पुंडलिकराव धावत आले. दोघांनी तिला ओढून काढलं, तेव्हा तोंड काळंनिळं पडलेलं आणि नाकात कापूस. पुंडलिकरावांनी तिला पालथी घालून पाठीत बुक्के मारले. ती ओकली आणि श्वास आला.

मग म्हाताऱ्यानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला. पुतण्या म्हणून गय केली नाही. ऋतिकचा हात कोपरापाशी मोडला, भुवई फुटली, तरी दांडा थांबेना. थांबला तो पाय ओल्या कापसात रुतला तेव्हा. पुंडलिकरावांनी खाली पाहिलं, आणि मटकन बसून स्वतःचंच कपाळ बडवून घेऊ लागले.

दिपाली सरपटत लॅपटॉपपाशी गेली. ऋतिकला वाटलं, आता ही आपलं नाव खोडणार. खोडावं, असंच त्याला वाटत होतं.

"पह्यले तुले दिसला होता तो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ते खरं हाये. नाव राहीन तुहं."

तिनं लेख पाठवून दिला.

"अन् आता मी पोलीस ठाण्यात जाऊन राह्यली. तिथंही खरंच सांगीन. पाण्याचंही सांगीन, बाबा."

ऋतिक मोडका हात धरून भिंतीला टेकला होता. दिपाली भिंत धरधरून उठली आणि चपला घालू लागली.