नाव नसलेली डबी

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, तान्ही लेक मैत्री दुपारची झोपली की अपेक्षा बाथरूमचं दार लावून घ्यायची, वॉशिंग मशीनवर फोन टेकवून व्हिडिओ सुरू करायची आणि ‘या महिन्यातले माझे लाडके’ सांगायला लागायची. वाळ्याचा साबण, ज्याचा वास टॉवेललाही दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. सावळ्या चेहऱ्यावर पांढरट थर न ठेवणारं सनस्क्रीन, पाच-सहा वाया घालवल्यावर सापडलेलं. तांदळाच्या पाण्याचा टोनर. आणि ती विटकरी लिपस्टिक. ‘मॅडम, तुम्हाला जरा लाइट शेड दाखवू का?’ असं दुकानातली मुलगी म्हणत असताना तिनं ती हट्टानं घेतली होती. अकरा-बारा मिनिटांत सगळं उरकायचं. मैत्रीची झोप तेवढीच.

बघणाऱ्या चार-पाच हजार जणी, बहुतेक तिच्यासारख्याच, कडेवर पोर असलेल्या. पण सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक घरातच होती. नातीसाठी अकोल्याहून वारज्याला येऊन राहिलेल्या तिच्या सासूबाई, सुशीलाबाई, चष्मा लावून प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघायच्या. स्वतः जन्मात कधी पावडर लावली नाही, पण अकोल्याच्या बहिणींना फोनवर सांगायच्या की आमच्या अपेक्षाला त्यातलं डॉक्टरएवढं समजतं. त्यांचा रंग अपेक्षापेक्षाही गडद. लग्नाआधी तिला बघायला आल्या तेव्हा तिचा हात आपल्या हाताशेजारी धरून त्या हसल्या होत्या, म्हणाल्या होत्या, ही तर माझीच लेक शोभते.

मैत्री मात्र गोरी निघाली, अपेक्षाच्या नवऱ्याच्या, आनंदच्या वडिलांवर. ती तीन महिन्यांची असताना अपेक्षा तिला सोसायटीच्या बागेत घेऊन बसली होती. शेजारच्या इमारतीतल्या एक काकू बाकावर येऊन टेकल्या, बाळाशी बोलल्या, मग अगदी अगत्यानं अपेक्षाला विचारलं, ‘‘बाळाची आई कितीला येते कामावरून? आणि तुमचा नंबर देऊन ठेवा ना, आमच्या सुनेलाही बाळ सांभाळायला कुणीतरी हवंच आहे.’’ रागवावं असं त्यात काही नव्हतं, हीच अडचण होती. हिंजवडीतल्या कंपनीतून बाळंतपणाची रजा घेतलेली इंजिनिअर अपेक्षा, आपण कुणाची कोण आहोत हे न सांगताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती सोनालीच्या पार्लरमध्ये गेली. सोनालीनं ड्रॉवरमधून एक छोटी पांढरी डबी काढून दिली. तिच्यावर ना नाव, ना कागद. आमचं घरचं मिश्रण आहे, म्हणाली, नवऱ्या मुलींना देते, रोज रात्री बोटभर लाव. गुलाबाचा गोडसर वास होता. पंधरा दिवसांत वांगाचे डाग गेले, महिन्याभरात चेहरा असा उजळला की आनंदनं मान वर करून दोनदा बघितलं. काकू पुन्हा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अगंबाई, तुम्ही आई का! त्या महिन्याच्या लाडक्यांत डबी पहिली होती. ‘‘इतकी हलकी आहे, की बाळाच्या गालालाही लावावी,’’ असं अपेक्षा व्हिडिओत हसत म्हणाली. बोलण्याच्या ओघात आलेलं वाक्य. पुढे कितीतरी जणींनी विचारलं, अंगावर पाजत असताना चालते का? तिनं प्रत्येकीला उत्तर दिलं होतं, हो, मी स्वतः वापरते.

मैत्री नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिचा उजवा गाल लाल राहायला लागला. आधी वाटलं थंडीमुळे, मग वाटलं दात येताहेत म्हणून. मग गालाची कातडी इतकी पातळ दिसायला लागली की आतल्या बारीक शिरा उन्हात मोजाव्यात, आणि वर मोहरीएवढ्या पुळ्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मैत्रीला खिडकीशी नेलं, मग अपेक्षाला तिथे उभं केलं, दोघींचे गाल आळीपाळीनं पाहिले.

‘‘ही झोपताना कुणाच्या गालाला गाल लावते?’’

‘‘माझ्या. त्याशिवाय झोपतच नाही.’’

‘‘तुम्ही चेहऱ्याला काय लावता?’’

एरवी अकरा मिनिटं न थांबता बोलणारी अपेक्षा ‘एक डबी आहे’ एवढंच म्हणाली. सांगायला नावच नव्हतं.

त्यात स्टेरॉइड आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्षणं स्पष्ट आहेत. तुमच्या गालावरून, उशीच्या अभ्र्यावरून बाळाला लागतंय. आजपासून बंद. अभ्रे, टॉवेल, दुपटी सगळं धुवा, काही दिवस गालाला गाल लावू नका. ‘‘आणि एक लक्षात ठेवा. बंद केल्यावर आधी वाढेल. तुमचंही, तिचंही. आग होईल, दोन-तीन आठवडे, कदाचित जास्त. बायका नेमक्या तेव्हाच पुन्हा डबी उघडतात. बाळाची कातडी भरून येईल, पण पुन्हा लागत राहिलं तर ती अशीच राहील.’’

घरी येऊन तिनं सांगितलं, साबणाची अॅलर्जी आहे. आनंदला पटलं. सुशीलाबाईंनी घरातले सगळे साबण एका पिशवीत भरून बाहेर ठेवले. खरं सांगायचं म्हणजे डबीबद्दल सांगायचं, आणि डबी का आणली हे त्या काळ्यासावळ्या, हसऱ्या चेहऱ्याकडे बघून सांगायचं. तेवढं तिच्यानं झालं नाही. व्हिडिओ तिनं गुपचूप काढून टाकला. का काढला ते लिहिलं नाही. डबीही टाकली नाही. बाथरूमच्या वरच्या फळीवर, कपड्यांच्या पावडरच्या डब्यामागे ठेवली. दिवसातून एकदा झाकण काढून नुसता वास घ्यायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. तिसऱ्या दिवशी अपेक्षाचा चेहरा मिरची चोळल्यासारखा पेटला. पाणी लागलं तरी डोळ्यांतून पाणी. मैत्रीचा गाल तर सोललेल्या टोमॅटोसारखा झाला. पोर दिवसभर रडायची, दुधाला लागली की सवयीनं आईच्या गालाकडे हात न्यायची, आणि अपेक्षा मान दुसरीकडे वळवून, मध्ये मऊ सुती कापड धरून तिला पाजायची. मैत्री ते कापड मुठीनं ओढायची. आपली आई तोंड का फिरवते हे नऊ महिन्यांच्या जिवाला कोण समजावणार?

पाचव्या दिवशी संध्याकाळी लाली किंचित ओसरल्यासारखी वाटली. अपेक्षानं आनंदला लगेच फोटो पाठवला. तो ऑफिसातून म्हणाला, बघ, उगाच घाबरत होतीस. त्या रात्री ती आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

सहाव्या दिवशी कामावर पुन्हा रुजू होण्याच्या कागदांसाठी तिला हिंजवडीला जावं लागलं. डोळ्यांखालून ओढणी गुंडाळून गेली, पुलाखालच्या कोंडीत तासभर अडकली, पाचच्या सुमारास घरी पोचली. घर शांत होतं. चटईवर मैत्री गाढ झोपली होती, उजवा गाल वर. गाल गुळगुळीत होता. ना लाली, ना पुळ्या. जन्मल्या दिवशी होता तसा.

अपेक्षा चपला न काढताच खाली बसली. एवढं सुख तिला मैत्री जन्मली तेव्हाही वाटलं नव्हतं. ती वाकली, आणि वाकल्यावर तो गुलाबाचा गोडसर वास आला.

‘‘पाय बरं, कसा साफ झाला माझ्या पोरीचा गाल,’’ सुशीलाबाई शेजारून म्हणाल्या. आवाजात अभिमान मावत नव्हता. कालपासून तीनदा लावलं, त्यांनी सांगितलं. पावडरचा डबा काढताना मागे डबी दिसली. तू ताणात होतीस, तुला आठवलं नसेल. ‘‘तूच तर म्हणली होती ना व्हिडिओत, बाळाच्या गालालेही लावावी म्हणून. मी दोनदा पायलं होतं ते.’’

अपेक्षानं त्यांचा हात धरला. तर्जनीच्या नखात अजून पांढरं होतं.

‘‘आई, साबणाचं काही नव्हतं. त्या डबीनंच झालंय सगळं. त्यात औषध आहे, ते लाली दाबतं आणि आतून कातडी खातं. मी लावत होते, माझ्या गालावरून तिला लागलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.’’

सुशीलाबाईंना समजायला वेळ लागला. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. ते बोट त्यांनी पदरात घेतलं आणि पुसत राहिल्या.

‘‘म्हणजे मीच...’’

‘‘नाही आई. मीच.’’

‘‘आता?’’

‘‘आता पुन्हा वाढेल. आधीपेक्षा जास्त. सहा दिवस तिनं सोसलेलं सगळं वाया गेलं.’’

बोट पुसतच सुशीलाबाईंनी विचारलं, ‘‘कायले लावत होती तू ते?’’

अपेक्षानं तोंड उघडलं. बागेतल्या काकूंचं सगळं सांगायचं होतं. पण समोर तो चेहरा होता. सुशीलाबाईंनी तिच्या चेहऱ्यावर सोलून निघालेल्या पापुद्र्यांकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे, जे आपल्या खऱ्या रंगाचं होतं.

‘‘माझ्यासारखी दिसायची एवढी लाज वाटली का तुले,’’ त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हताच. भिंतीला हात टेकत त्या उठल्या आणि आत गेल्या. अपेक्षाला त्यांच्यामागे जायचं होतं.

पण तेवढ्यात मैत्री जागी झाली. सहा दिवसांत पहिल्यांदा न रडता. तिनं आईला पाहिलं, खुदकन हसली, दोन्ही हात वर केले. अपेक्षानं ओला कापूस घेऊन तिचा गाल पुसला, पुन्हा पुसला. दुखत नव्हतं म्हणून मैत्रीला तो खेळ वाटला. मग तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, मान फिरवायला सवडच दिली नाही, आणि आपला गाल आईच्या गालावर दाबून धरला.

पुसूनही डबीतलं थोडं तिच्या गालावर राहिलंच होतं. चार दिवस निखाऱ्यासारख्या जळणाऱ्या त्या जागी अपेक्षाला गार वाटलं. इतकं गार, की डोळे आपोआप मिटले. तिनं गाल बाजूला घेतला, पण लगेच नाही.