उसना चीक

मित्रांनो, मी कुरवंड्याचा एक म्हातारा घोडा. नाव कबऱ्या. लोणावळ्याच्या स्टेशनवर मी बरीच वर्षं टांगा ओढला. पण सांगण्यासारखी गोष्ट आहे ती माझ्या जन्माच्या दिवसाची. माझी मालकीण कस्तुराबाई खरारा करताना ती हटकून सांगायची.

मी पोटात असतानाच आईच्या सडांतून दूध ठिबकू लागलं होतं. कस्तुराबाईचा नवरा कोंडाजी खूश. "लय दुधाळ घोडी हाय," म्हणून येईल त्याला दाखवायचा. मग एका पहाटे मी जन्मलो, धडपडत उभा राहिलो, आईला लुचलो. सगळं ठीक दिसत होतं.

त्याच सकाळी जनावरांचे डॉक्टर गंगाधरपंत शेजारच्या बैलाला बघायला आले होते. मला पाहून त्यांनी सहज विचारलं, "घोडीचं दूध आधीपासून गळत होतं का?"

"व्हय, लय दिस," कस्तुराबाई म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "मग चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, वाहून गेला. आता पितंय ते नुसतं दूध. माणसाच्या बाळाला रोगाशी झुंजायचं बळ आईच्या पोटातच मिळू लागतं. शिंगराला तिथं मिळत नाही, ते पहिल्या चिकातून मिळतं. आणि त्याचं आतडं ते जेमतेम दिवसभर आत घेतं. मग दार बंद."

"बंद कसं काय हुतं?" कस्तुराबाईला नवल वाटलं.

"ते मलाही नीट ठाऊक नाही. पण दुसऱ्या घोडीचा चीक आजच मिळाला, तर चालेल."

खालच्या वस्तीवर हौशीरामाची घोडी आदल्या रात्रीच व्याली होती. पण तोही टांगेवाला. उतारूंवरून त्याचं आणि कोंडाजीचं वाजलेलं, बोलणं बंद. कोंडाजी मान खाली घालून बसला. कस्तुराबाईनं लोटा उचलला आणि ती चालू लागली.

हौशीरामाची बायको सरुबाई दारातच आडवी उभी राहिली. "माझ्या शिंगराला कमी पडला तर?"

"त्याचं पोट भरू दे आदी. उरंल तेवढाच दे. मी थांबते."

ते शिंगरू पोटभर प्यालं, झोपलं. मग सरुबाईनं घोडी धरली आणि कस्तुराबाईनं, एक लाथ खाऊन, अर्धा लोटा दाट, पिवळसर चीक काढला. हौशीराम बघत होता. एवढंच म्हणाला, "ऊन चढलंय. झाकून न्या."

तो चीक मी बाटलीनं प्यालो.

पुढं दोनेक महिन्यांनी मला खोकला झाला. कस्तुराबाई घाबरली. डॉक्टर म्हणाले, "उसनं बळ सरत आलंय. आता याचं अंग स्वतः शिकतंय." मला अजून कोडं पडतं. आत कोण शिकत होतं? मी तर नुसता गवत हुंगत उभा होतो! पण खोकला गेला.

कोंडाजी आणि हौशीरामाचा अबोला काही सुटला नाही. मात्र स्टेशनवर मी दिसलो, की हौशीराम आपल्या उतारूंना सांगायचा, "ह्यो अर्दा आमचा हाय."

मित्रांनो, शिंगरू जन्मलं की त्याला आधी पोटभर चीक पिऊ द्या, कौतुक मागाहून करा. आणि कुणी लोटा घेऊन दारात आलं, तर आधी आपल्या पिलाचं पोट भरा. पण आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नका.