दोन मे महिने

मित्रांनो, मी एक जुना मल्लखांब आहे. १९४९ साली बुधाजी सुताराने मला सागवानातून तासून काढले आणि रेवदंड्याच्या शाळेच्या मैदानात तीन फूट खोल पुरले.

मला आणले ते दिनानाथ मास्तरांनी. हुतूतूत त्यांच्या पकडीतून कुणी सुटत नसे. ते कुस्ती खेळत, खो-खो खेळत, आणि खाडी पोहून कोर्लईच्या काठाला लागत. मुंबईच्या गिरणीचा संघ त्यांना न्यायला आला होता. ते शाळेतच राहिले.

रोज ते मला एरंडेल चोळत आणि मुलांच्या आधी स्वतः चढून बघत. पण माझे खरे लाड मे महिन्यात होत. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की मास्तर मलाही उपटून तिथे नेत आणि माझ्या पुरलेल्या भागाला डांबर फासत. जमिनीतली ओल लाकूड खाते.

धर्मा नाखवा हसायचा, "मास्तर, तुमची ही होरी पान्यान कवा न्यायची?"

"ही कोरडीच बरी, नाखवा. हिच्यावर पोरं चढतात."

१९५९ च्या एका सामन्यात मास्तरांचा उजवा खांदा निखळला. बसवला, पण मला उपटण्याइतका जोर त्यात राहिला नाही. त्यांनी शाळेकडे माणसे मागितली. "होईल," हेडमास्तर म्हणाले. दोन मे महिने गेले. वरून मी तेलाने चकाकत होतो. खाली मी कुजत होतो, आणि मला बोलता येत नव्हते.

१९६२ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सरावाला मास्तर नेहमीसारखे आधी चढले. मी खालून हललो. ते पडले. तोच खांदा मोडला.

"खांब हलला," ते म्हणाले.

हेडमास्तर हसले. "वय झालं की खांबच हलतो, मास्तर. कलेक्टरसाहेब येणार आहेत. मुलं चढतीलच."

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून मास्तर मला पाठ टेकून बसले. कुणाला चढू देईनात. मुले हिरमुसली. कुणी तरी मागून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मास्तरांनी ऐकले, पण ते उठले नाहीत.

त्यांची अकरा वर्षांची मुलगी राही घरून पहार घेऊन आली. "बाबा, खणू?"

"खण. जपून. त्याला लागेल."

दोन फुटांवर पहार माझ्यात शिरली, ओल्या भुशात शिरावी तशी.

"आधी सांगायचं ना," हेडमास्तर म्हणाले.

"दोनदा सांगितलं," मास्तर म्हणाले.

एकही मूल पडले नाही. पण सव्वीस तारखेला मास्तर मागच्या रांगेत उभे राहिले, कारण सलामीला त्यांचा हात वर जात नव्हता. तो पुढे कधीच वर गेला नाही. गेल्या वर्षी ते वारले. शोकसभेत सर्वांनी त्यांच्या पदकांची यादी वाचली. ते मला पाठ टेकून बसले, त्या दिवसाबद्दल कुणी बोलले नाही.

मित्रांनो, माझे वय आता झाले. मला जपा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्यासाठी रोज आधी चढणारा माणूस जेव्हा म्हणेल, "काहीतरी हलतंय," तेव्हा त्याच्या वयाला हसू नका. त्याच्या हातात पहार धरण्याचे बळ नसेल, तर ती तुम्ही घ्या.