राळेनं गप्प झालेलं भूत

खंडेरावांच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध जुना ट्रॅक्टर, पुढं लिंबांचं रिंगण आणि रिंगणात त्यांची नवी सून सुकेशनी. उठायचं नाही, बोलायचं नाही, असा अप्पाराव भगताचा हुकूम! ती घरात आली आणि ट्रॅक्टर वळताना किंचाळायला लागला. स्टेअरिंग इतकं जड, की तिच्या नवऱ्याचे, मुंजाबाचे दंड भरून यायचे.

"मुंजाबा, फिरव चाक!" भगत गरजला.

चाक फिरलं अन् बोनेटखालून कर्कश किंकाळी उठली. बायांनी पदर तोंडाला लावले. अप्पाराव घुमायला लागला, "हुं फट्! सात समिंदरापल्याड जा, डिझेलची टाकी सोडून जा!" आणि मूठभर अंगारा त्यानं बोनेटच्या फटीतून आत फेकला. किंकाळी बंद! गर्दीनं हात जोडले.

"आता गप बसलं. पण ही घरात हाय तवर भूत परत येणार. सांजच्या आत हिला माहेरी धाडा, कायमची."

सासू कस्तुराबाई पिशवी भरायला आत गेलीसुद्धा. सुकेशनीपुढं पेच पडला. उठावं तर म्हणतील भुतानं उठवली. बसावं तर संसार संपला. नवराही मेला नजर चुकवत होता! रडू फुटणार, एवढ्यात तिच्या नाकात ओळखीचा वास शिरला. राळ! तिच्या बापाची पिठाची गिरणी होती. पट्टा घसरायला लागला की तो त्यावर राळेची पूड टाकायचा. चिकट राळेनं पट्टा तेवढ्यापुरता धरायचा, दळण निघायचं.

ती ताडकन उठली. "महाराज, मूठ उघडा. अंगारा असा पिवळा, चिकट कसा?"

"भूत बोलतंय! धरा तिला!"

"धरा की! पर आधी गाडी बंद करून बोनेट उघडा. आवं, तुमालाच म्हणतेय!"

मुंजाबानं पिशवी घेऊन दारात आलेल्या आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग इंजिन बंद करून बोनेट उघडलं. स्टेअरिंगच्या पंपाचा पट्टा झिजून चकचकीत झालेला, भेगाळलेला, आणि वर राळेचा पिवळा थर.

"चाक वळवलं की पंपावर जोर येतो," सुकेशनी म्हणाली, "झिजलेला पट्टा घसरतो, तोच किंचाळतो. पंप फिरंना, म्हणून चाक जड."

पैठणहून नवा पट्टा आणला. मुंजाबानं पंपाचा बोल्ट ढिला करून तो चढवला, ताणून बसवला, बोल्ट आवळला. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद फिरलं. ना मंत्र, ना किंकाळी! अप्पाराव तोवर पसार झाला होता.

गर्दीतली एक म्हातारी मात्र पुढं आली. "आमची म्हैस आटली तवा ह्यानंच सांगितलं गं... माझी सून वर्षापासून माहेरी हाय."

सुकेशनीचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "आजी, म्हैस डॉक्टरला दाखवा. अन् सुनेला आणायला उद्या तुमी सोता जा. काही बिघडलं तर आधी उघडून बघायचं. बाईमाणूस घराबाहेर काढून काय दुरुस्त हुतंय?"