बाया अकरा

"तुमचं नाव हजेरीपटावर कुठंच नाही, बाई," मजूर कचेरीचे साहेब म्हणाले.

"नाव नसंल. मी तर हाय ना समोर," गोदूबाई म्हणाली.

बंद गिरणीच्या टाइम ऑफिसात जमलेले पुरुष हसले. साहेब हसले नाहीत. तिला वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनीच पट वाचून दाखवला : 'चिंधी खाते, बाया अकरा.' एकवीस वर्षं रोज तेवढंच लिहिलेलं.

पाताळगंगेकाठची ही कागदाची गिरणी बंद पडून दीड वर्ष झालं होतं. फाटकासमोरच्या चहाच्या टपऱ्या उठल्या होत्या. भजनी मंडळाचा पखवाजवाला सुरतेला गेला आणि यंदा गिरणीच्या गणपतीचा मांडवही पडला नाही. भरपाईच्या यादीत पुरुषांची नावं लागली, लगद्यासाठी चिंध्या निवडणाऱ्या बायांची नाहीत. नवरा वारला त्या वर्षी गोदूबाई कामाला लागली होती. तेव्हापासून बटणं काढणं, विळीवर शिवणी कापणं आणि धूळ गिळणं एवढंच तिने केलं.

तिने दाराशी उभ्या असलेल्या मुकादमाकडे पाहिलं. "पदूभाऊ, सांगा की सायबाला. रोज तुमीच मोजायचाव ना आमाला?"

पदूने टोपी काढून हातात घेतली. "ठेकेदाराच्या बाया होत्या, सायेब. कोन कवा यायची, कोन कवा जायची… मला काय ठाव नाय."

पदूच्या बायकोच्या बाळंतपणात गोदूबाई नऊ दिवस त्याच्या घरी राबली होती. ती साहेबांकडे वळली. म्हणाली, "चला, दाखवते."

शेडमध्ये गाठोडी तशीच पडून कुजत होती. गोदूबाईने एक सोडलं, पदर खोचला आणि खाली बसली. हात आपोआप चालू लागले. सुती डावीकडे, लोकरी मागं, नायलॉन दूर.

साहेबांनी दोन पांढरे तुकडे उचलले. "हे दोन्ही सारखेच की."

तिने डोळे मिटून तुकडे चिमटीत धरले. "ह्यो सुती. ह्यात टेरिकॉट हाय. ह्यो लगद्यात गेला तर कागदाला ठिपकं पडत्यात. मंग वरचं सायेब आमालाच बोलायचं."

साहेब तिथल्याच गाठोड्यावर बसले. त्यांनी कागद काढला. "सगळ्यांची नावं सांगा. पूर्ण. अर्जात घालतो."

"गोदूबाई धाकलू ठोंबरे," ती म्हणाली आणि थबकली. नवऱ्याचं नाव तिने आजवर तोंडाने घेतलं नव्हतं. "दुसरी कोंडी. कोंडी सदू मराडे. ती मेली गेल्या साली, दम्यानं. लिवा तरी." मग मोतीबाई, आवडी, सुंदरा… अकराही नावं तिने सांगितली.

बाहेर पडताना पदू मागून आला. "गोदे, तुमचं नाव घेऊ नको म्हनून वरनं सांगितलंय. मला तीन पोरी हायत गं."

"मलाबी दोन हायत," ती म्हणाली आणि चालू लागली.

चार महिन्यांनी कचेरीचं पत्र आलं. पोस्टमनने वाचून दाखवलं. काम केल्याचं दिसतं. पण हजेरीपटावर नावं नसल्याने अर्ज मंजूर करता येत नाही. खाली अर्जदारांची नावं होती. गोदूबाईने ती दोनदा वाचायला लावली. कोणतं कुठं आहे ते बोटाने दाखवून घेतलं.

त्या दिवशी ती मजुरीला गेली नाही. पत्र घेऊन त्या बायांच्या घराघरांत गेली. शेवटी कोंडीच्या घरी पोचली तेव्हा तिची सून भांडी घासत होती.

"पैसं मिळालं?"

"नाय मिळालं."

"मंग इतक्या उन्हाची कशाला आलीस, आते?"

"सासूचं नाव आलंय तुझ्या. दाखवाया आले."

सुनेने राखेचे हात धुतले, लुगड्याला नीट पुसले आणि जवळ आली. वाचता दोघींनाही येत नव्हतं. गोदूबाईने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती बघेपर्यंत उचललं नाही.